एनजिनएक्सचं कॉन्फिगरेशन शिकताना: विनंती नेमकी कुठे अडते ते ओळखा

वेब सर्व्हर बसवणं पाच मिनिटांचं काम आहे. उबंटूवर ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल एनजिनएक्स’ एवढं केलं की तो चालूही होतो. सर्व्हरचा आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की स्वागताचं पान दिसतं. खरी अडचण सुरू होते ती त्या पानाच्या जागी स्वतःची साइट आणताना. कुणाला ४०३ हा त्रुटी-क्रमांक दिसतो, कुणाला ४०४, कुणाला ५०२, तर कुणाचं पान नुसतंच लोड होत राहतं. नवखा माणूस अशा वेळी नेटवर मिळेल ती ओळ फाइलमध्ये चिकटवत जातो आणि तासाभरात कोणती ओळ कशासाठी टाकली होती हे त्यालाच सांगता येत नाही.

सूचना पाठ करून हे जमत नाही. ब्राउझरमधून निघालेली विनंती कोणकोणत्या टप्प्यांतून जाते आणि प्रत्येक टप्प्यावर अडली तर काय लक्षण दिसतं, हे समजून घ्यावं लागतं. तेवढं समजलं की बाकी सगळं कागदपत्रांत शोधता येतं. म्हणून हा लेख त्या प्रवासाच्या क्रमानेच लिहिला आहे.

उदाहरणासाठी उबंटू २४.०४ आणि एनजिनएक्स घेतलं आहे. हा सर्व्हर इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये खुला केला. एकाच यंत्राने एका वेळी हजारो जोडण्या सांभाळाव्यात, हा त्यामागचा उद्देश होता. अपाची त्याहून जुना, १९९५ चा, आणि आजही भरपूर वापरात आहे. तिथे सूचनांची नावं वेगळी असतात, पण विनंतीचा प्रवास हाच असतो. समजा, आपल्याला एका वाचनालयाची छोटी साइट एक्झाम्पल.कॉम या पत्त्यावर चालवायची आहे. आज्ञा आणि फाइलींची नावं टाइप करताना अर्थातच इंग्रजीतच करायची; इथे ती वाचताना जशी उच्चारतो तशी दिली आहेत.

सर्व्हरपर्यंत पोचतंय का?

पहिला टप्पा डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेचा. डोमेनच्या ‘ए’ नोंदीत सर्व्हरचा आयपी व्ही ४ पत्ता असतो, ‘क्वाड ए’ म्हणजे चार ए असलेल्या नोंदीत आयपी व्ही ६ पत्ता. ‘डिग +शॉर्ट एक्झाम्पल.कॉम’ ही आज्ञा दिली की कोणता पत्ता परत येतो ते दिसतं. जुनाच पत्ता येत असेल तर टीटीएल, म्हणजे नोंद किती सेकंद साठवून ठेवायची तो आकडा, बघा. तो ३६०० असेल तर जुनी नोंद तासभर कुठे ना कुठे साठवलेली राहू शकते. सर्व्हर बदलायचा असेल तर आदल्या दिवशीच टीटीएल ३०० करून ठेवावा.

पत्ता बरोबर आहे, तरी साइट उघडत नाही, तर ब्राउझरचा संदेश नीट वाचा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे विनंती यंत्रापर्यंत पोचली, पण त्या पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या त्या क्रमांकाच्या दारावर, ऐकणारं कुणी नाही, म्हणजे एनजिनएक्स बंद आहे किंवा भलत्या पोर्टवर आहे. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे बहुतेक वेळा मधल्या फायरवॉलने विनंती गुपचूप टाकून दिली. या दोन संदेशांतला फरक कळला तरी शोधाचं क्षेत्र निम्मं होतं.

फायरवॉल दोन ठिकाणी असू शकते हे लक्षात ठेवायचं. एक सर्व्हरच्या आतली ‘यूएफडब्ल्यू’, दुसरी क्लाउड कंपनीच्या पॅनेलमधली. दोन्हीकडे पोर्ट ८० (एचटीटीपी) आणि ४४३ (एचटीटीपीएस) उघडी हवीत. यूएफडब्ल्यू चालू करण्याआधी ‘सुडो यूएफडब्ल्यू अलाउ ओपनएसएसएच’ ही आज्ञा न विसरता द्या. नाहीतर दुरून लॉगिन करायचं एसएसएचचं पोर्ट २२ बंद होतं आणि पुढच्या वेळी तुम्हाला स्वतःलाच आत शिरता येत नाही. मग क्लाउडच्या पॅनेलमधल्या कन्सोलवरून दुरुस्ती करावी लागते.

कोणत्या पोर्टवर कोण ऐकतंय ते ‘सुडो एसएस -टीएलएनपी’ दाखवतं. एनजिनएक्स सुरूच होत नसेल आणि लॉगमध्ये ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ असेल तर ८० वर आधीच दुसरं कुणीतरी बसलेलं आहे. उबंटूवर हे दुसरं कुणीतरी बहुधा अपाची असतं, आणि ते आलेलं असतं पीएचपीबरोबर. नुसतं ‘पीएचपी’ नावाचं पॅकेज बसवलं की त्याच्यासोबत अपाचीही येतो. एनजिनएक्सबरोबर पीएचपी हवं असेल तर ‘पीएचपी-एफपीएम’ हे पॅकेज बसवायचं.

फाइली कुठे असतात

सगळं कॉन्फिगरेशन /ईटीसी/एनजिनएक्स या फोल्डरात असतं. मुख्य फाइल एनजिनएक्स.कॉन्फ. तिच्यात ‘एचटीटीपी’ नावाचा मोठा ब्लॉक असतो. त्याच्या आत प्रत्येक साइटसाठी एक ‘सर्व्हर’ ब्लॉक आणि सर्व्हरच्या आत वेगवेगळ्या मार्गांसाठी ‘लोकेशन’ ब्लॉक. प्रत्येक ब्लॉक महिरपी कंसात, प्रत्येक सूचनेच्या शेवटी अर्धविराम.

डेबियन आणि उबंटूवर साइटची फाइल ‘साइट्स-अव्हेलेबल’ या फोल्डरात लिहितात आणि तिची सिंबॉलिक लिंक, म्हणजे मूळ फाइलकडे बोट दाखवणारी नोंद, ‘साइट्स-एनेबल्ड’मध्ये टाकतात. एनजिनएक्स फक्त दुसरं फोल्डर वाचतं. लिंक करताना ‘एलएन -एस’ला दोन्ही पत्ते स्लॅशपासून पूर्ण द्या. अर्धवट पत्ता दिला की लिंक तुटकी होते, आणि एनजिनएक्स ‘नो सच फाइल’ म्हणून सगळंच कॉन्फिगरेशन नाकारतं.

आणखी एक गोष्ट अनेकांना फार उशिरा कळते. साइट्स-एनेबल्डमध्ये असलेली प्रत्येक फाइल वाचली जाते, मग तिचं नाव काहीही असो. बदल करण्याआधी जपून ठेवलेली ‘.बॅक’ फाइल तिथेच राहिली तर तीही चालू कॉन्फिगरेशनचा भाग होते. मग ‘कॉन्फ्लिक्टिंग सर्व्हर नेम’ असा इशारा येतो आणि तुम्ही नव्या फाइलमध्ये कितीही बदल केलेत तरी साइटवर जुनंच चालू राहू शकतं. जुन्या प्रती या फोल्डराबाहेर ठेवा.

आपल्या साइटच्या पहिल्या सर्व्हर ब्लॉकला पाचच ओळी पुरतात. ‘लिसन ८०’ आणि आयपी व्ही ६ साठी चौकटी कंसात दोन विसर्गचिन्हं घालून तिचीच जोडओळ. मग ‘सर्व्हर_नेम’, त्यात एक्झाम्पल.कॉम आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेलं रूप, दोन्ही. मग ‘रूट’, म्हणजे साइटच्या फाइली ज्या फोल्डरात आहेत त्याचा पत्ता, उदाहरणार्थ /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/वाचनालय. शेवटी ‘इंडेक्स इंडेक्स.एचटीएमएल’.

आयपी व्ही ६ ची ओळ अनेक जण गाळतात, आणि त्यातून एक चमत्कारिक लक्षण तयार होतं. उबंटूबरोबर येणारी ‘डिफॉल्ट’ नावाची फाइल दोन्ही प्रकारच्या पत्त्यांवर ऐकत असते. तुमचा ब्लॉक फक्त व्ही ४ वर ऐकत असेल आणि डोमेनला क्वाड ए नोंद असेल तर काहींना तुमची साइट दिसते आणि काहींना एनजिनएक्सचं स्वागताचं पान. भारतात मोबाइल नेटवर्कवर आयपी व्ही ६ मोठ्या प्रमाणावर वापरलं जातं, त्यामुळे ‘घरच्या वायफायवर दिसते, मोबाइल डेटावर दिसत नाही’ अशी तक्रार आली की आधी ही ओळ तपासा.

तपासा, मग रीलोड करा

फाइल बदलली की प्रत्येक वेळी आधी ‘सुडो एनजिनएक्स -टी’, त्यातला टी छोट्या लिपीतला. हे कॉन्फिगरेशन वाचून चूक सांगतं, चालू सर्व्हरला हात लावत नाही. चूक नसेल तरच ‘सुडो सिस्टमसीटीएल रीलोड एनजिनएक्स’. रीलोडमध्ये मुख्य प्रक्रिया नवं कॉन्फिगरेशन वाचते, नव्या वर्कर प्रक्रिया सुरू करते आणि जुन्यांना हातातलं काम संपवून जाऊ देते. नव्या फाइलमध्ये चूक असेल तर जुनं कॉन्फिगरेशन तसंच चालू राहतं. ‘रीस्टार्ट’ मात्र आधी सर्व्हर बंद करतं आणि मग सुरू करायला बघतं. चूक असेल तर सगळ्या साइट बंद पडून राहतात. म्हणून रीलोडचीच सवय लावा.

चाचणीत सांगितलेला ओळ क्रमांक नेहमी चुकीच्या ओळीचाच असतो असं नाही. ‘रूट’च्या शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला तर एनजिनएक्स पुढची ओळही त्याच सूचनेचा भाग समजतं आणि ‘रूट’ला जास्त शब्द दिले म्हणून तक्रार करतं, पण क्रमांक पुढच्या ओळीचा देतं. याहून घातक प्रकार ‘सर्व्हर_नेम’चा. ती सूचना कितीही नावं घेऊ शकते, म्हणून अर्धविराम द्यायचा राहिला तर खालची सगळी ‘रूट’ची ओळ साइटची नावं म्हणून गिळली जाते. चाचणी ‘सक्सेसफुल’ म्हणते, वर फक्त ‘सस्पिशस सिंबल्स’ असा एक इशारा देते. तो वाचला नाही तर रूट कुठेच नेमलेलं नसल्यामुळे भलत्याच फोल्डरातून फाइली दिल्या जातात आणि कारण सापडत नाही. चाचणीचे इशारेही चुकांइतकेच गंभीरपणे घ्या.

फाइली अनेक झाल्या आणि गोंधळ उडाला की मोठ्या लिपीतला टी द्या. ‘सुडो एनजिनएक्स -टी’चं हे रूप सर्व फाइली जोडून एनजिनएक्सला दिसणारं संपूर्ण कॉन्फिगरेशन छापून देतं. आपण लिहिलेला ब्लॉक त्यात नसेल तर बाकीचा विचार करायचं कारणच नाही. लिंक करायची राहिली आहे.

माझ्या पत्त्यावर दुसऱ्याची साइट का?

एकाच आयपी पत्त्यावर दहा साइट असू शकतात. जुन्या वाड्याचा पत्ता एकच आणि बिऱ्हाडं अनेक. पोस्टमन पाकिटावरचं नाव वाचून दार ठरवतो. विनंतीतलं ते नाव म्हणजे ‘होस्ट’ हेडर (हेडर म्हणजे विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ). एनजिनएक्स आधी पत्ता आणि पोर्ट जुळवतं, मग होस्ट हेडर प्रत्येक ब्लॉकच्या सर्व्हर_नेमशी ताडून बघतं. तंतोतंत जुळणाऱ्या नावाला पहिला मान, त्यानंतर ताराचिन्ह असलेल्या नावांना, शेवटी रेग्युलर एक्स्प्रेशनना, म्हणजे अक्षरांचा साचा सांगणाऱ्या नावांना.

काहीच जुळलं नाही तर चूक दाखवली जात नाही, हे इथलं महत्त्वाचं. विनंती ‘डिफॉल्ट_सर्व्हर’ अशी खूण असलेल्या ब्लॉककडे जाते, आणि तशी खूण कुठेच नसेल तर आधी वाचल्या गेलेल्या ब्लॉककडे. फाइली वर्णानुक्रमाने वाचल्या जातात. त्यामुळे नावात एक अक्षर चुकलं, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लिहायचं राहिलं, लिंक केली नाही किंवा रीलोड विसरलं, या चारही चुकांचं लक्षण एकच: भलतीच साइट दिसते.

त्यावर चांगला उपाय म्हणजे सगळ्यात आधी एक रिकामा डिफॉल्ट ब्लॉक करणं आणि त्यात ‘रिटर्न ४४४’ लिहिणं. ४४४ हा एनजिनएक्सचा स्वतःचा संकेत आहे. उत्तर न देता जोडणी तोडायची असा त्याचा अर्थ. उबंटूबरोबर आलेल्या डिफॉल्ट फाइलची लिंक काढून टाका, कारण डिफॉल्टची खूण एका पोर्टवर एकाच ब्लॉकला असू शकते. मग नावात चूक झाली तर ती लगेच दिसते. शिवाय नुसत्या आयपी पत्त्यावर दिवसरात्र येणारी बॉटची, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांची, वर्दळ तिथल्या तिथे संपते. सर्व्हर नेटवर येताच लॉगमध्ये वर्डप्रेसच्या लॉगिन पानाच्या विनंत्या दिसू लागतात, तुमच्याकडे वर्डप्रेस असो वा नसो. घाबरू नका, हे सगळ्यांनाच होतं.

मार्ग आणि फोल्डर

ब्लॉक बरोबर निवडला गेला की पुढचा प्रश्न: मागितलेला मार्ग कोणत्या लोकेशनमध्ये पडतो? फाइलमध्ये वर लिहिलेलं लोकेशन आधी लागू होतं, असा बहुतेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. बरोबरीचं चिन्ह असलेलं लोकेशन तंतोतंत जुळलं तर तिथेच निर्णय होतो. नाहीतर साध्या उपसर्गांपैकी, म्हणजे मार्गाच्या सुरुवातीशी जुळणाऱ्या लोकेशनांपैकी, सर्वांत लांब जुळणारा लक्षात ठेवला जातो. त्यानंतर रेग्युलर एक्स्प्रेशन असलेली लोकेशन लिहिलेल्या क्रमाने तपासली जातात आणि जे पहिलं जुळेल ते जिंकतं. एकही जुळलं नाही तरच लक्षात ठेवलेला उपसर्ग वापरला जातो.

याचा परिणाम सुरक्षेवर होतो. समजा, लोकांनी चढवलेल्या फोटोंसाठी ‘/अपलोड्स/’ हे साधं लोकेशन आहे, आणि ‘.पीएचपी’ने संपणाऱ्या प्रत्येक मार्गासाठी एक रेग्युलर एक्स्प्रेशन आहे. कुणी फोटोऐवजी पीएचपी फाइल चढवली आणि तिचा पत्ता मागितला, तर विनंती अपलोड्सच्या लोकेशनमध्ये न जाता पीएचपीच्या लोकेशनमध्ये जाते आणि ती फाइल सर्व्हरवर चालवली जाते. अपलोड्सच्या लोकेशनआधी टोपीचिन्ह आणि टिल्ड ही जोडी लावली की हा उपसर्ग जुळल्यावर रेग्युलर एक्स्प्रेशन तपासलीच जात नाहीत. दोन चिन्हांनी एक मोठं भोक बुजतं.

‘रूट’ आणि ‘अलायस’ यांत तर जवळपास प्रत्येक जण एकदा तरी अडकतो. रूटमध्ये मागितलेला पूर्ण मार्ग फोल्डरच्या पत्त्यापुढे जोडला जातो. ‘/फोटो/’ या लोकेशनमध्ये रूट /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/वाचनालय असेल तर अ.जेपीजी ही फाइल वाचनालय फोल्डरातल्या फोटो फोल्डरात शोधली जाते. इथे रूटमध्येच शेवटी ‘फोटो’ लिहिलं तर शोध फोटोमधल्या फोटोमध्ये जातो आणि ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’, मिळतो. अलायसमध्ये मात्र लोकेशनशी जुळलेला भाग काढून त्याजागी नवा पत्ता ठेवला जातो. फाइली साइटच्या फोल्डराबाहेर असतील, फोल्डराचं नाव वेगळं असेल, तेव्हा अलायस वापरायचं.

अलायस लिहिताना लोकेशन आणि अलायस दोन्हींच्या शेवटी स्लॅश द्या. लोकेशनच्या शेवटी स्लॅश नसेल आणि अलायसच्या शेवटी असेल तर ‘/फोटो’ला लागून दोन टिंबं आणि स्लॅश देऊन कुणीही एक पायरी वरच्या फोल्डरातल्या फाइली मागू शकतो. चाचणी याबद्दल काहीही सांगत नाही.

‘ट्राय_फाइल्स’ ही सूचना दिलेल्या क्रमाने फाइल शोधते आणि एकही सापडली नाही तर शेवटचा पर्याय वापरते. साध्या साइटला शेवटी ‘=४०४’ ठेवा. रिॲक्टसारख्या साधनाने बनवलेल्या साइटला शेवटी ‘/इंडेक्स.एचटीएमएल’ लागतं, नाहीतर आतल्या पानावर रिफ्रेश केलं की ४०४ येतो. मात्र त्या वेळी इंडेक्स.एचटीएमएल फाइलच जागेवर नसेल, बिल्ड भलत्या फोल्डरात गेलं असेल, तर शोध स्वतःभोवती फिरत राहतो आणि ५००, म्हणजे सर्व्हरच्या आतली चूक, येतो. लॉगमध्ये ‘रीडायरेक्शन सायकल’ दिसलं की आधी ती फाइल आहे का ते बघा.

४०४ असो वा ५००, अंदाज बांधत बसू नका. /व्हार/लॉग/एनजिनएक्स या फोल्डरातल्या एरर.लॉगमध्ये एनजिनएक्सने डिस्कवर नेमकी कोणती फाइल उघडायचा प्रयत्न केला त्याचा पूर्ण पत्ता बहुतेक वेळा असतो; मात्र ट्राय_फाइल्सच्या ‘=४०४’ने दिलेला ४०४ तिथे नोंदला जात नाही. ‘सुडो टेल -एफ’ लावून एका खिडकीत तो लॉग उघडा ठेवा, दुसरीकडे पान मागवा. लॉगमधल्या वेळा सर्व्हरच्या घड्याळाच्या असतात, आणि ते बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, लावलेलं असतं. आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करून वाचा.

४०३: फाइल आहे, पण हात पोचत नाही

एनजिनएक्सची मुख्य प्रक्रिया ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या अधिकारात चालते (वरच्या ‘रूट’ सूचनेशी याचा संबंध नाही), कारण लिनक्सवर १०२४ च्या खालची पोर्टं उघडायला तो अधिकार लागतो. पण विनंत्यांना उत्तर देणाऱ्या वर्कर प्रक्रिया उबंटूवर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालतात. फाइल त्या वापरकर्त्याला वाचता यायला हवी. फोल्डरना ७५५ आणि फाइलींना ६४४ परवानगी साधारण साइटला पुरते.

शेवटच्या फोल्डराची परवानगी बरोबर असून भागत नाही. वाटेतल्या प्रत्येक फोल्डरात शिरण्याची, म्हणजे ‘एक्स’ची, परवानगी लागते. उबंटूमध्ये २१.०४ पासून नव्या वापरकर्त्याचं होम फोल्डर ७५० परवानगीने, म्हणजे परक्यांना बंद असं, बनतं. त्यामुळे साइट होममध्ये ठेवली की आतलं सगळं ७५५ असूनही ४०३ येतो. ‘नेमआय -एल’ या आज्ञेपुढे फाइलचा पूर्ण पत्ता दिला की वाटेतल्या प्रत्येक पायरीची परवानगी एकाखाली एक दिसते, आणि कुठे अडतंय ते क्षणात कळतं. उपाय साधा: साइट /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूमध्ये हलवा. सगळ्याला ७७७ देण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. तो मानू नका. त्याने सर्व्हरवरच्या कोणत्याही प्रक्रियेला तुमच्या साइटच्या फाइली बदलता येतात.

४०३ चं दुसरं कारण परवानगीशी संबंधित नसतं. फोल्डर मागितलं, पण आत इंडेक्स फाइल नाही, तरीही ४०३ च येतो. लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ असेल तर पहिलं कारण, ‘डिरेक्टरी इंडेक्स इज फॉरबिडन’ असेल तर दुसरं. अंकावरून हा फरक कळत नाही, लॉगवरून कळतो.

मागे ॲप्लिकेशन असेल तर

नोड किंवा जँगोमध्ये लिहिलेलं ॲप्लिकेशन ३००० किंवा ८००० अशा पोर्टवर चालतं आणि एनजिनएक्स ‘प्रॉक्सी_पास’ने विनंती त्याच्याकडे पोचवतं. ५०२ म्हणजे एनजिनएक्स ठीक आहे, मागचं ॲप्लिकेशन बंद आहे किंवा वेगळ्या पोर्टवर आहे. सर्व्हरवरूनच ‘कर्ल -आय’ने १२७.०.०.१ चं, म्हणजे यंत्राच्या स्वतःकडेच नेणाऱ्या पत्त्याचं, ते पोर्ट तपासा; तिथेही उत्तर नसेल तर एनजिनएक्सच्या फाइलला हात लावू नका. एनजिनएक्स स्वतःच डॉकर कंटेनरमध्ये असेल तर १२७.०.०.१ म्हणजे तो कंटेनर, बाहेरचं यंत्र नव्हे, हेही ५०२ चं नेहमीचं कारण. ५०४ म्हणजे ॲप्लिकेशन चालू आहे पण ठरलेल्या वेळात बोललं नाही. मूळ मर्यादा ६० सेकंदांची. ती वाढवण्याआधी एवढा वेळ का लागतो ते शोधणं जास्त शहाणपणाचं.

प्रॉक्सी_पासच्या पत्त्याच्या शेवटी एक स्लॅश असणं-नसणं अर्थ बदलतं. ‘/एपीआय/’ या लोकेशनमध्ये पोर्टनंतर काहीच नसेल तर ॲप्लिकेशनला ‘/एपीआय/पुस्तके’ असा पूर्ण मार्ग मिळतो. पोर्टनंतर स्लॅश असेल तर ‘/एपीआय/’ गळून ‘/पुस्तके’ एवढाच मिळतो. ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये कोणता मार्ग आला ते बघून ठरवा.

सोबत तीन हेडर पाठवा: होस्ट, एक्स-फॉरवर्डेड-फॉर आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो. शेवटचं नसेल तर ॲप्लिकेशनला वाटतं की विनंती साध्या एचटीटीपीवर आली आहे. ते तिला एचटीटीपीएसकडे वळवतं, ती पुन्हा तशीच येते, आणि ब्राउझर ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ म्हणून थांबतो.

मोबाइलवरचा फोटो चढवताना ४१३ आला तर कारण ठरलेलं आहे. ‘क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ’ची मूळ मर्यादा १ एमबी आहे, आणि फोनचे फोटो सहज ३-४ एमबीचे असतात. ती १० एमबी करा. मागे पीएचपी असेल तर तिथली अपलोडची मूळ मर्यादा २ एमबी आहे, तीही वाढवावी लागते.

एचटीटीपीएस

लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था एचटीटीपीएससाठी लागणारी प्रमाणपत्रं फुकट देते आणि सर्टबॉट हे साधन ती आणून एनजिनएक्समध्ये बसवून देतं. आधी साध्या पोर्ट ८० वर साइट नीट चालवा, मगच सर्टबॉटकडे वळा. डोमेन तुमचंच आहे का हे बघण्यासाठी लेट्स एन्क्रिप्ट पोर्ट ८० वर येऊन ‘.वेल-नोन’ फोल्डरातली एक फाइल मागतं. पोर्ट बंद असेल किंवा क्वाड ए नोंदीत जुन्या सर्व्हरचा पत्ता राहिला असेल तर पडताळणी फसते. पुन्हा पुन्हा फसली की काही काळ विनंत्याच स्वीकारल्या जात नाहीत, म्हणून सराव ‘ड्राय-रन’ या पर्यायाने करा.

टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली, म्हणजे .गिट किंवा .एन्व्ह, बाहेर दिसू न देणारं लोकेशन लिहिणं अत्यावश्यक आहे. त्यांत पासवर्ड असतात आणि बॉट त्याच शोधत असतात. पण लिहिताना .वेल-नोन वगळा, नाहीतर पडताळणीच अडेल.

हाताने प्रमाणपत्र बसवत असाल तर ‘फुलचेन’ नावाची फाइल द्या. नुसती ‘सर्ट’ फाइल दिली तर मधलं प्रमाणपत्र पाठवलं जात नाही. काही ब्राउझर ते स्वतः शोधून आणतात म्हणून तुमच्या संगणकावर सगळं ठीक दिसतं, आणि कुणाच्या तरी फोनवर सुरक्षेचा इशारा येतो.

लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. सर्टबॉटचा टायमर दिवसातून दोनदा तपासतो आणि मुदत जवळ आली की नूतनीकरण करतो. हे चालू आहे ना, ते ‘सुडो सर्टबॉट रिन्यू’ला ड्राय-रन लावून बघा. मुदत संपत आल्याची ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून पाठवणं बंद केलं आहे, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका. आणि सगळ्याच संस्थांच्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने घटून मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे. हाताने नूतनीकरण करायची सवय आताच मोडलेली बरी.

रीडायरेक्टची, म्हणजे एका पत्त्यावरून दुसऱ्याकडे वळवण्याची, चाचणी ३०२ ने, म्हणजे तात्पुरत्या वळणाने, करा. ३०१ म्हणजे कायमचं वळण, ते ब्राउझर लक्षात ठेवतो, त्यामुळे चूक सुधारली तरी तुम्हाला जुनंच वळण दिसत राहतं. ‘इथे फक्त एचटीटीपीएसनेच या’ असं ब्राउझरला बजावणाऱ्या एचएसटीएस हेडरची मुदतही आधी ३०० सेकंद ठेवा. एका वर्षाची दिली आणि एचटीटीपीएस बिघडलं, तर आधी येऊन गेलेल्या लोकांना साइट उघडताच येत नाही.

मराठी मजकूर असेल तर

एनजिनएक्स मूळ मांडणीत मजकुराचं एन्कोडिंग सांगत नाही. एचटीएमएलमध्ये मेटा टॅग असेल तर निभावतं, पण मराठी टेक्स्ट फाइल थेट उघडली की अक्षरांऐवजी विचित्र चिन्हांच्या रांगा दिसू शकतात. सर्व्हर ब्लॉकमध्ये ‘चारसेट यूटीएफ-८’ ही एक ओळ टाका. ही ओळ फाइल बदलत नाही, फक्त ती कशी वाचायची ते सांगते. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलूनच घ्यावा लागतो.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी ५ चिन्हं, म्हणजे १५ बाइट. त्यामुळे जीझिपचा, म्हणजे मजकूर दाबून लहान करून पाठवण्याचा, फायदा मराठी साइटला अधिकच होतो. उबंटूच्या मुख्य फाइलमध्ये जीझिप चालू असतं, पण ‘जीझिप_टाइप्स’ची ओळ टिप्पणी म्हणून बंद ठेवलेली असते, आणि तोवर फक्त एचटीएमएल दाबलं जातं. त्या ओळीच्या सुरुवातीचं चिन्ह काढलं की सीएसएस, जावास्क्रिप्ट, जेसन आणि साधा मजकूरही दाबून पाठवला जातो. जेपीजी त्यात घालू नका. ते आधीच दाबलेलं असतं.

फाइलींची नावं मराठीत ठेवली तर त्या चालतात, पण पत्त्यात प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात: ‘मराठी’ एवढ्या नावाची ४५ अक्षरं. कुणाला पाठवायच्या दुव्यांसाठी ती फार लांब होतात. आणि डोमेनच देवनागरीत, ‘.भारत’ने संपणारं असेल, तर सर्व्हर_नेममध्ये देवनागरी अक्षरं टाकून उपयोग नाही. ब्राउझर ते नाव प्युनीकोडमध्ये, म्हणजे एक्स, एन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन रूपात पाठवतो. तेच रूप सर्व्हर_नेममध्ये लिहा, आणि सर्टबॉटलाही तेच द्या.